भात, कोंबडी आणि बदक

बँकॉकमध्ये ‘खाओ मन काय’ खायचं तर प्रतुनाम गाठावं. १९६० पासूनचं ‘गो-आंग’ तिथे वाढप्यांच्या गुलाबी शर्टांवरून लगेच ओळखू येतं. पदार्थ मूळचा चीनच्या हायनान बेटावरचा. कोंबडी नुसती उकडलेली, म्हणून दिसायला फिकी. खरी गंमत तिच्या चरबीत परतून तिच्याच पाण्यात शिजवलेल्या भातात, आणि आंबवलेलं सोयाबीन, आलं, मिरचीच्या चटणीत.

बदकासाठी याओवारात, म्हणजे बँकॉकचं चायनाटाउन. ‘पेट फालो’ ही तेओच्यू चिन्यांची देणगी: सोया सॉस, दालचिनी, चक्रफुलाच्या रश्श्यात मंद आचेवर शिजलेलं बदक. सोबतची आंबट-तिखट लसूण चटणी सोडू नका. चुकून ‘पेट यांग’ म्हणालात तर भाजलेलं बदक येईल. अर्थात, तेही परत पाठवण्यासारखं नसतं!