वीडरला सिंथेटिक ऑइल घालावं की साधं?

कोळपणीसाठी वीडर बाहेर काढताय? मग आधी ऑइलचं बघा.

सिंथेटिक ऑइल चांगलंच असतं. जास्त उष्णता सोसतं, थंड इंजिनात लवकर पोचतं. मोठ्या गाड्यांत ते जास्त दिवस चालतं, कारण तिथे घाण अडवायला फिल्टर असतो. आपल्या छोट्या पेट्रोल वीडरला बहुतेक वेळा ऑइल फिल्टरच नसतो. काजळी, धूळ, धातूचा कीस सगळं ऑइलमध्येच फिरतं. ते बाहेर काढायला ऑइल बदलणं हाच उपाय. म्हणून "सिंथेटिक टाकलंय, आता दोन हंगाम बघायला नको" हा हिशेब इंजिनाच्या जिवावर बेततो.

✅ ग्रेड पुस्तिकेप्रमाणेच घ्या (अनेक मशीनना 10डब्ल्यू-30). ग्रेड बरोबर असेल तर साधं फोर-स्ट्रोक ऑइलही चालतं.
✅ नवं मशीन असेल तर पहिलं ऑइल साधारण 20 तासांनी बदला. पुढे पुस्तिकेतल्या तासांप्रमाणे, धुळीत त्याआधीच.
✅ रोज सपाट जागी, इंजिन बंद ठेवून पातळी बघा. उन्हाळ्यात ऑइल जास्त जळतं. कमी ऑइलवर चालवलं तर पिस्टन जाम होतो.
✅ ऑइल इंजिन कोमट असताना काढा, गाळ सोबत निघतो.
❌ टू-स्ट्रोक ब्रश कटरचं ऑइल यात घालू नका. ते पेट्रोलमध्ये मिसळायचं असतं.
❌ जुनं ऑइल बांधावर, विहिरीजवळ ओतू नका.

महागडं ऑइल उशिरा बदलण्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदललेलं बरं. चालवलेले तास आजपासून वहीत लिहा.