संगणकाची किंमत आणि सेवकांचा वेळ

हमरापूरच्या कारखान्यांत गणेशमूर्ती साच्यातून निघते. डोळ्यांची आखणी मात्र कसबी हातच करतो. गणेशचतुर्थी जवळ आली की अशा कारागिराला कोणी माती कालवायला बसवीत नाही. रुग्णालयाच्या संगणकीकरणात मात्र हीच चूक नकळत घडते.

यंत्रखरेदीचा खर्च जमाखर्चात ठळक दिसतो; सेवकांचा वेळ वेतनात मुरतो, म्हणून तो फुकट भासतो. समजा, जुन्या संगणकामुळे प्रत्येक केसपेपरला एक मिनिट जादा लागले. रोज १०० रुग्ण धरल्यास २५ दिवसांत २,५०० मिनिटे, म्हणजे सुमारे ४२ तास खर्ची पडतात. हे एका कर्मचाऱ्याचे पाच दिवसांहून अधिक काम झाले. शिवाय मजुरीचा खाडा करून रांगेत उभ्या राहिलेल्या रुग्णाचा वेळ यात धरलेलाच नाही.

याचा अर्थ प्रत्येक वेळी महाग यंत्रणाच घ्यावी, असा नव्हे. छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात ‘बाहमनी’ ही मुक्त स्रोत प्रणाली आकारास आली. अशा प्रणालीस परवानाशुल्क पडत नाही. परंतु तिची उभारणी, प्रशिक्षण व देखभाल यांसाठी माणसांचे तास द्यावेच लागतात. म्हणून साधा निकष असा ठेवावा: जे काम एकदाच करावयाचे, तेथे वेळ देऊन पैसा वाचवावा, जे रोज शेकडो वेळा करावयाचे, तेथे पैसा देऊन वेळ वाचवावा.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात. तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या खाटांची व निधीची नोंद वेळच्या वेळी झाली नाही, तर निधी असूनही गरजू रुग्णाला सवलतीसाठी ताटकळावे लागते.

म्हणूनच देणगीदारांना नम्र विनंती, की वापरातून काढलेला संगणक देण्यापूर्वी तो रोजच्या कामास पुरा पडेल का, हे आमच्या कर्मचाऱ्यांस विचारावे. नवे यंत्र देताना त्याच्या देखभालीसाठीही थोडी रक्कम राखून ठेवावी. परिचारिकेची खरी जागा रुग्णाच्या खाटेजवळ आहे, अडलेल्या प्रिंटरजवळ नव्हे.