करंगळीभर मध्यम

गिटार शिकायला लागलं की डी मेजर ही कॉर्ड लवकरच हाताशी येते आणि तितक्याच लवकर तिचा कंटाळाही येतो. सूर बरोबर असतात, ताल बरोबर असतो, तरी गाणं कोरडं वाजतं. तेव्हा अवघड नव्या कॉर्ड शोधत बसण्यापेक्षा आधी करंगळीला कामाला लावावं.

डीमध्ये वाजणाऱ्या चार तारा म्हणजे सा, प, वरचा सा आणि त्याच्यावरचा ग. हा गंधार सर्वांत बारीक तारेवर, दुसऱ्या पडद्यात. बाकीची बोटं तशीच ठेवून त्याच तारेच्या तिसऱ्या पडद्यात करंगळी टेकवली की गंधाराचा मध्यम होतो. ही ‘सस फोर’. उलट मधलं बोट उचलून तार मोकळी सोडली तर रिषभ वाजतो. ही ‘सस टू’.

एवढ्याशा बदलाने कानात काय घडतं? वरचा सा २९४ हर्ट्झचा, गंधार ३७० चा, अंतर ७६. रिषभ ३३० चा, म्हणजे अंतर एकदम ३६ वर येतं. इतके जवळचे दोन सूर अंतर्कर्णात एकमेकांच्या हद्दीत शिरतात आणि आवाज सेकंदाला ३६ वेळा चढतो-उतरतो. हे हेलकावे सुटे ऐकू येत नाहीत, नुसती बारीक खरखर जाणवते. सेकंदाला तेहतीसच्या आसपास हेलकावे असले की ही खरखर सर्वाधिक बोचते, असं शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्येच लिहून ठेवलं. पुढे १९६५ मध्ये प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या संशोधकांनी दाखवलं की असा एकच ठरीव आकडा नसतो, सुराच्या उंचीप्रमाणे तो बदलतो. मध्यमाची खरखर जरा आडून येते: खालच्या पंचमाच्या २२० च्या तारेत ४४० चा उपस्वरही असतो, आणि ३९२ चा मध्यम त्याला जाऊन भिडतो.

मध्यमावरून पुन्हा गंधारावर आलं की खरखर ओसरते. गोडी या ओसरण्यात आहे. म्हणून सस फोर फार वेळ धरून ठेवू नये, आणि दर मात्रेला तर मुळीच वाजवू नये. कान सरावतो आणि मजा जाते.

तंबोऱ्याची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट जाणवेल. याच षड्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३६७ वर येतो, गिटारचा ३७०. हार्मोनियमच्या चढ्या गंधाराबद्दल गवयांची जी जुनी तक्रार, तीच इथेही. सस कॉर्डमध्ये तो चढा गंधारच नसतो. मध्यम आणि रिषभ गिटारवर जवळजवळ अचूक लागतात, त्यामुळे खरखरीतही एक स्वच्छपणा राहतो.

‘क्वीन’ या बँडच्या १९७९ च्या ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ची सुरुवात डी आणि सस फोर यांच्या अदलाबदलीनेच होते. ती गिटार वाजवलीय पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीने, जो मुळात पियानोवाला.

सी कॉर्डवर हीच करामत दुसऱ्या तारेवर करता येते. पहिल्या पडद्यातलं बोट काढून तिसऱ्या पडद्यात ठेवा: तिथे २९४, शेजारची मोकळी तार, म्हणजे सीचा गंधार, ३३०, पुन्हा तेच ३६. मात्र या ‘ॲड नाइन’मध्ये गंधार आपल्या जागी शाबूत असतो. त्यामुळे ती सोडवायची घाई नसते; आख्खं कडवं तिच्यावर काढलं तरी चालतं.