रोहीला कोणते काडतूस?

पूर्णाकाठच्या काळ्या रानात हरभऱ्याला घाटे धरले की जागली सुरू होतात. रात्रीतून रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप उतरला तर सकाळी नुसती खोडे उरतात. मग पारावर कुणीतरी म्हणतोच, ‘मोठ्या बोअरची बंदूक पाहिजे!’

पण बोअर मोठा म्हणजे मारा मोठा, असे नसते. बारा बोअरच्या काडतुसातला मोठा छर्रा साडेतीन ग्रॅमचा आणि सेकंदाला सुमारे ४०० मीटर धावणारा. त्याची ऊर्जा भरते जेमतेम २८० ज्यूल. गोल असल्याने हवा त्याला लवकर अडवते. त्याने अडीचशे किलोचा नर पडत नाही. जखमी होऊन पळतो आणि कुठेतरी तडफडत मरतो.

आपल्या या रोहीचे भाऊबंद टेक्सासातही आहेत. किंग रँचने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ते तिथे सोडले. एल्क या उत्तर अमेरिकेतल्या थोराड हरणासाठी जी काडतुसे निवडतात, तीच तिथले शिकारी रोहीसाठीही भरतात. त्यातले जुने नाव ‘थर्टी-ओ-सिक्स’. नळीचा व्यास ०.३० इंच, आणि ०६ म्हणजे १९०६ साल. पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते, तेव्हा ऊर्जा चार हजार ज्यूलच्या घरात जाते. वस्तुमान दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट झाला तर चौपट.

तरीही नुसता वेग पुरत नाही. साडेतीन ग्रॅमची हलकी गोळी हजार मीटरच्या वेगाने सुटली तरी पावणेदोन हजार ज्यूलवरच थांबते. शिवाय जाड कातडी आणि खांद्याचे हाड लागताच फुटून वरवरच राहू शकते. म्हणून गोळी जड हवी, आणि तांब्याच्या कवचातले शिसे फुलूनही एकसंध राहून हृदय-फुप्फुसापर्यंत पोचायला हवे. आणि धक्का इतकाच असावा, की चाप ओढताना नेमबाजाने डोळे मिटू नयेत.

मात्र हीच ताकद चुकलेल्या गोळीतही असते. तशी गोळी चार किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. टेकडीच्या उतारावर ती मातीत रुतेल. नांदुरा-मलकापूरच्या सपाट शिवारात तिला अडवायला बांधही पुरत नाही, आणि पलीकडच्या मळ्यात कुणीतरी माळ्यावर जागलीला बसलेला असतो. वन विभागाच्या परवानगीशिवाय रोहीवर गोळी झाडणे गुन्हा आहेच. पण परवाना हातात असला, तरी काडतुसाआधी रोहीच्या मागचा अंधार पाहावा लागतो.