लाकडी फळीचा वास

मासळी खाणाऱ्या कोणत्याही घरात हा प्रसंग नवा नाही. आदल्या दिवशी ज्या फळीवर बांगडे कापले, तीच फळी दुसऱ्या दिवशी पुरणासाठी गूळ चिरण्यास घेतली जाते. फळी साबणाने दोनदा धुतलेली असते, डोळ्यांना स्वच्छही दिसते. परंतु पहिला घास तोंडाशी नेताच पाहुणा क्षणभर थांबतो. बोलत कोणीच नाही. गृहिणीला मात्र जे समजायचे ते समजते. मग सारा दोष लाकडाला दिला जातो आणि आजेसासूच्या वेळची सागवानी फळी माळ्यावर जाऊन पडते. हा दोष खरोखर लाकडाचा आहे काय, आणि त्यावर उपाय कोणता, हे पाहण्यासारखे आहे.

लाकूड म्हणजे एके काळी जिवंत असलेले झाड. मुळांनी शोषलेले पाणी ज्या सूक्ष्म नळ्यांतून शेंड्यापर्यंत चढत असे, त्या नळ्या लाकूड वाळल्यावरही तशाच राहतात. कोरड्या फळीवर कांद्याचा किंवा मासळीचा रस सांडला, की या नळ्या तो आत ओढून घेतात. म्हणून फळी वापरण्यापूर्वी साध्या पाण्याने ओली करून पुसून घ्यावी, ही जुन्या बायकांची रीत शहाणपणाची आहे. पाण्याने भरलेल्या नळ्यांत रसाला जागा कमी उरते.

वास घालविण्यापूर्वी तो कशाचा आहे हे ओळखले पाहिजे, कारण सर्व वासांना एकच औषध लागू पडत नाही. समुद्रातील मासळीचा उग्र वास मुख्यत्वे ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा असतो. हे द्रव्य क्षारधर्मी आहे. त्याला आम्ल मिळाले की त्याचे लवण बनते, आणि ते लवण हवेत उडत नाही. मासळीच्या कालवणात आमसूल किंवा चिंच घालण्याने जे साधते, तेच फळीवर लिंबाने साधते. याउलट दूध, लोणी, जुने तेल किंवा काठवटीत राहून आंबलेले पीठ यांचा वास आम्लांचा असतो. तेथे लिंबू व्यर्थ, खाण्याचा सोडा उपयोगी. कांदा-लसणाचा वास गंधकयुक्त द्रव्यांचा असून त्याला साबण, मीठ, मोकळी हवा आणि थोडा धीर हेच उपाय होत.

मासळीची फळी प्रथम थंड पाण्याने धुवावी. आरंभीच कढत पाणी ओतल्यास मासळीतील प्रथिने गोठून लाकडाच्या भेगांत घट्ट बसतात. नंतर साबण व कोमट पाणी वापरावे. मग फळीवर जाडे मीठ पसरून अर्ध्या लिंबाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने चोळावे, दहा मिनिटे तसेच ठेवून धुवावे. आंबूस वासासाठी दोन चमचे सोडा थोड्या पाण्यात कालवून तो लेप तितकाच वेळ ठेवावा. लिंबू आणि सोडा एकदम मिसळून लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्याने फेस पुष्कळ येतो, पण दोघेही एकमेकांचे बळ खाऊन टाकतात.

धुण्याइतकेच वाळविणे महत्त्वाचे आहे. फळी भिंतीशी आडवी टेकवून न ठेवता कडेवर उभी करावी, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते. एकच बाजू वाळली तर फळी वाकते. पाण्यात भिजत टाकली तर फुगून पुढे तडकते. सकाळचे कोवळे ऊन हितकर, दुपारचे कडक ऊन नव्हे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात फळीला जो कुबट वास येतो तो बुरशीचा असतो. अशा दिवसांत ती बंद कपाटात ठेवूच नये. वाळलेल्या फळीला शेंगदाण्याचे तेल चोळू नये, कारण ते कालांतराने खवट होऊन नवाच वास निर्माण करते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन खवटत नाही.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच आणि लिंबू किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. लोखंडी काथ्यानेही घासू नये. सागासारख्या लाकडातील टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन काळे डाग पडतात.

लाकूड मुळातच अस्वच्छ असते, ही समजूतही तपासण्याजोगी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत लाकडावर सोडलेले जंतू आत शोषले जाऊन तेथे वाढले नाहीत. सुरीने चरे पडलेल्या प्लॅस्टिकवर मात्र ते धुऊनही टिकून राहिले. याचा अर्थ निष्काळजीपणाला मुभा मिळाली असा नव्हे. कच्च्या मांस-मासळीची फळी निराळीच असावी, आणि न शिजविता खाण्याचे पदार्थ तिच्यावर कधी चिरू नयेत.

इतके करूनही वास न गेल्यास सुताराकडून वरचा पातळ थर रंध्याने काढून घ्यावा. आतले लाकूड बहुधा स्वच्छच निघते. माळ्यावर गेलेली फळी पुन्हा ओट्यावर यावी आणि सणाच्या पुरणाला केवळ वेलदोड्याचा व जायफळाचाच वास यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप फार मोठा नाही.