आधी मास्क, मग मशीन

आमच्या घरात घोरणं हा चेष्टेचा विषय होता. रात्री यांचा आवाज चढला की मुलं हसायची, "अब्बूंची गाडी अजनीहून सुटली!" सासूबाईंना तर त्यात काही वावगं वाटतच नसे. दिवसभर राबणारा माणूस गाढ झोपतो आणि गाढ झोपणारा घोरतो, इतका त्यांचा साधा हिशेब. मीही तोच मानत होते.

मागच्या एप्रिलमध्ये एका रात्री प्रतापनगरात लाइट गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम चिडीचूप झालं. एरवी कूलरच्या घरघरीत जे कधी कानावर आलं नव्हतं, ते त्या रात्री ऐकू आलं. यांचं घोरणं मध्येच थांबत होतं. छाती वरखाली होत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. मी मनातल्या मनात आकडे मोजू लागले. बत्तीसपर्यंत पोचले तेव्हा बुडणाऱ्या माणसाने डोकं वर काढावं तसा एक मोठा आवाज झाला, अंगाला झटका बसला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. असं किती वेळा झालं ते मोजणं मी नंतर सोडून दिलं. फजरला उठले तेव्हा यांना काहीच आठवत नव्हतं. डोकं जड आहे, एवढंच म्हणाले.

चहा घेताना मी रात्रीची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी दोन महिने पोटात ठेवलेली एक गोष्ट कबूल केली. समृद्धी महामार्गावरून परत येताना स्टिअरिंगवरच त्यांचा डोळा लागला होता. मागच्या ट्रकच्या हॉर्नने जाग आली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो सलग रस्ता. तिथे रात्री पुरेशी झोप झालेल्या माणसालाही गुंगी येते. मी त्यांना काही बोलले नाही. दुसऱ्याच दिवशी छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे येतो आणि श्वासाची वाट बंद होते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, वाट उघडते, आणि डोळा लागला की पुन्हा तेच. झोपलेल्याला याचा पत्ता नसतो. पण रक्तदाब, हृदय आणि साखर यांच्यावर रोज रात्री ताण पडत राहतो. औषधं चालू असूनही ज्यांचा रक्तदाब उतरत नाही, अशांची झोपही तपासून घ्यावी, असं आमचे डॉक्टर म्हणाले.

हा श्रीमंतांचा किंवा फक्त लठ्ठ माणसांचा आजार आहे, असं समजू नका. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या, स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची झोप त्यांनी घरी तपासली. १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता आणि ७.५ टक्क्यांना त्यामुळे दिवसाही त्रास होता. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हाच आजार होता. त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी हे नाव होतं. मग आपण विसरलो.

बायकांचं आणखी वेगळं. त्यांचं घोरणं अनेकदा हलकं असतं, आणि असलं तरी ते कुणाला सांगायला त्यांना लाज वाटते. सकाळी डोकं दुखणं, रात्री वारंवार जाग येणं, सतत थकवा, चिडचिड, अशी लक्षणं घेऊन त्या थायरॉइडच्या आणि रक्ताच्या तपासण्या करत फिरतात. पाळी गेल्यानंतर हा धोका वाढतो. माझ्या एका नणंदेचं निदान यांच्यानंतर सहा महिन्यांनी झालं, तेही मी हात धरून नेलं म्हणून.

तपासणी अवघड नाही. आपल्याकडे मेडिकलचा श्वसनरोग विभाग आहे, मिहानला एम्स आहे, खाजगी डॉक्टरही आहेत. काहींना रात्रभर हॉस्पिटलात झोपवतात, काहींना घरी नेण्याचं छोटं यंत्र देतात. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला क्लिप. तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला, तो आकडा दुसऱ्या दिवशी कळतो. पाचपेक्षा कमी असेल तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. यांचा आकडा ४१ आला. मुलं त्यानंतर अजनीच्या गाडीबद्दल बोलली नाहीत.

डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलं. हे ऑक्सिजनचं मशीन नव्हे, आणि व्हेंटिलेटर तर नव्हेच. खोलीतलीच हवा ओढून, गाळून, ठरावीक दाबाने ते नाकात सोडतं. त्या दाबामुळे घशाची वाट मिटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली लॅन्सेटमध्ये पाच रुग्णांवरचा हा प्रयोग छापला. त्याआधी तीव्र आजारावर गळ्याला भोक पाडून नळी बसवणं हाच खात्रीचा इलाज होता. त्या पहिल्या रुग्णांच्या नाकावर रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट लेपाने मास्क चिकटवावा लागे. म्हणजे मशीन जमलं तरी मास्क बसवणं ही कटकट पहिल्या दिवसापासून होतीच.

आमचीही गाडी तिथेच अडली. मशीन आणून देणाऱ्याने सोबत एकच मास्क आणला, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. यांना खुर्चीवर बसवून तो बांधला, "एकदम फिट" म्हणाला, पैसे घेतले आणि गेला. रात्री आडवं झाल्यावर दाढीतून फसफस हवा सुटू लागली. डोळ्यांत वारा जाई. यांनी पट्टे आवळले, गळती आणखी वाढली. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वण. फोन केला तर उत्तर मिळालं, "दाढी काढा." पाचव्या दिवशी मशीन कपाटात गेलं, माझ्या शालूंच्या शेजारी, आणि दोन महिने तिथेच राहिलं.

मला सांगायचं आहे ते या दोन महिन्यांबद्दल. घरात सगळे म्हणत होते की यांची इच्छाच नाही, यांना सोसत नाही. मीही तेच म्हणत होते, आणि ते चूक होतं. हजारो रुपयांच्या मशीनची आम्ही चार दुकानांत चौकशी केली होती. पण रोज सात तास चेहऱ्यावर राहणार होता तो मास्क आम्ही पाहिलाही नव्हता. नव्या चपला आपण चालून बघितल्याशिवाय घेत नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांकडच्या तंत्रज्ञ मुलीने यांना पलंगावर झोपवलं, मशीन यांच्या नेहमीच्या दाबावर सुरू केलं आणि एकामागून एक तीन मास्क लावून बघितले. आडवं झाल्यावर गालांचा आकार बदलतो, म्हणून बसून घेतलेलं माप फसतं. कवळी लावणाऱ्यांनी ती काढूनच माप द्यावं. पट्टा इतकाच घट्ट असावा की खाली एक बोट सहज जाईल. मास्कची सिलिकॉनची कड हवेने फुगून चेहऱ्याला टेकते. आवळली की ती चुरगळते आणि मग हवा सुटते. आम्ही नेमकं उलटं करत होतो.

दाढीचा तोडगाही निघाला. नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा, दोन छोट्या गाद्यांचा मास्क असतो. त्याला नेझल पिलो म्हणतात. तो गालाला लागतच नाही, त्यामुळे दाढी आड येत नाही. मिशी ओठावर बारीक ठेवली की झालं. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना आणि चश्मा लावून वाचत पडणाऱ्यांनाही तो बरा पडतो. पण तोंडाने श्वास घेणाऱ्याला तो चालत नाही, आणि दाब फार असेल तर नाकपुड्या दुखतात. यांचं नाक धुळीने चोंदलेलं असायचं, म्हणून डॉक्टरांनी आधी त्यावर फवारा दिला. नणंदेला मात्र नुसतं नाक झाकणारा मास्क बसला. ती केसांचा अंबाडा घालून झोपते, त्यामुळे मागचा पट्टा वर सरकायचा. आता सैल वेणी घालते. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या क्लिपा असतात. पेसमेकर किंवा शरीरात तसं उपकरण बसवलेल्या माणसाने, आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्यानेही, असा मास्क टाळावा. घेताना हे आपणच विचारायचं.

सवयीसाठी त्या मुलीने सांगितलेली युक्ती सोपी होती. पहिले आठ दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून, मशीन सुरू ठेवून बसायचं. पहिल्यांदा लावलं तेव्हा सासूबाईंनी चार वेळा येऊन विचारलं, "बेटा, श्वास येतोय ना?" रात्री रॅम्प लावायचा, म्हणजे दाब कमी सुरू होऊन हळूहळू चढतो. मास्कला बारीक भोकं असतात, त्यांतून उच्छ्वासाची हवा बाहेर जाते. ती पांघरुणाने झाकायची नाहीत. तिथून येणारा वारा शेजारच्याच्या तोंडावर येतो हे मात्र कुणी सांगत नाही. आम्ही पलंगावरच्या जागा बदलल्या.

आपल्या नागपूरची हवाही मध्ये येते. मे महिन्यात नाक कोरडं पडून रक्ताचे थेंब दिसले, तेव्हा पाण्याचं भांडं जोडलेला ह्युमिडिफायर कामी आला. त्यात डिस्टिल्ड पाणीच घालायचं, तेही औषधाच्या दुकानातलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी श्वासासाठी नसतं. उरलेलं रोज सकाळी ओतून टाकायचं. डिसेंबरच्या थंडीत उलटा त्रास झाला, नळीत पाणी साचून गुडगुड व्हायला लागली. नळी पांघरुणाखालून घेतली आणि थांबली. वादळात लाइट जाते, म्हणून मशीन इन्व्हर्टरला जोडलं आहे. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर त्याला वीज फारच कमी लागते.

मास्क रोज कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवावा, उन्हात वाळवू नये. झोपताना चेहऱ्यावर तेल, नाकाला व्हिक्स किंवा व्हॅसलीन नको. त्याने सिलिकॉन खराब होतं. अत्तराचा शौक असणाऱ्यांनी ते सकाळसाठी ठेवावं. नळीतून रात्रभर तोच वास घेणं यांनाही एका रात्रीतच नकोसं झालं.

खर्चाचं सांगते. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत सीपॅपचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा आपली पॉलिसी आधीच वाचावी. महिन्याच्या भाड्याने मशीन मिळतं. आधी ते घेऊन बघणं शहाणपणाचं. परदेशातून कुणी नातेवाईक जुनं मशीन आणून देत असेल तर जरा थांबा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या भीतीने आपली बरीच मशीनं जगभरातून परत मागवली होती. मॉडेल आणि नंबर तपासल्याशिवाय असं मशीन वापरू नका. आणि दाब डॉक्टरांनी ठरवलेलाच हवा, दुसऱ्याच्या मशीनवर लावलेला आपल्याला चालत नाही.

वजन उतरलं तर आजार हलका होतो. कुशीवर झोपण्याचाही अनेकांना फायदा होतो. उजव्या कुशीवर झोपण्याची आपल्याकडची शिकवण यांनी लहानपणी ऐकली होती, आता पाठीला उशी लावून ती पाळतात. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये. ती घशाचे स्नायू आणखी सैल करते.

रमजानमध्ये आमची एक चूक झाली. तरावीहनंतर झोपायला उशीर, मग सहेरीला उठणं. मास्क निघायचा तो निघायचाच. फजरनंतर दोन तास हे तसेच झोपायचे आणि दिवसभर पुन्हा तीच जडशीळ गुंगी. ईदनंतर डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड बघितलं. किती तास वापरलं, हवा किती सुटली, श्वास किती वेळा थांबला, सगळी नोंद त्यात असते. ते म्हणाले, स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही मास्क काढून ठेवता. या वर्षी सहेरीच्या भांड्यांबरोबर मी मास्कही पुसून उशाशी ठेवत होते. रोजा असताना दिवसा ह्युमिडिफायर लावून झोपावं का, हा प्रश्न आम्ही आमच्या मौलवीसाहेबांकडे नेला. तुम्हीही तुमच्या आलिमांना विचारून घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत नेऊन.

यांचा आकडा आता तीनच्या आसपास असतो. समृद्धीवर पुन्हा गाडी नेली ती डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आणि पहिल्या खेपेला मुलगा शेजारी बसला होता.

सध्या हजच्या तयारीची चर्चा चालू आहे. मशीन हातातल्या सामानातच न्यायचं, मालाच्या डब्यात टाकायचं नाही. मशीन २३० व्होल्टवर चालतं, पण सौदीतल्या सॉकेटला तीन चौकोनी पट्ट्यांची पिन लागते, ती इथूनच घ्यायची. वेगळी बॅटरी नेली तर १०० वॉट-अवरपर्यंतची विमानात सोबत चालते, त्याहून मोठीला विमान कंपनीची परवानगी लागते. मिनाच्या तंबूत सॉकेट सगळ्यांचंच, म्हणून यांची जागा भिंतीकडेची मागावी लागेल. डॉक्टरांच्या पत्राच्या तीन प्रती काढल्या आहेत. एक पासपोर्टच्या पाकिटात, एक मशीनच्या बॅगेत आणि एक माझ्या पर्समध्ये.