रानपिंगळ्याचा पत्ता

पिंगळा हा वीतभर उंचीचा घुबडांपैकी पक्षी आपल्या परिचयाचा आहे. सांजवेळी जुन्या झाडाच्या ढोलीतून बाहेर येऊन तो कर्कश स्वरात कलकलाट करतो. त्याचाच एक दुर्मिळ भाऊबंद म्हणजे रानपिंगळा.

१८७२ साली आजच्या छत्तीसगडातील फुलझर येथे हा पक्षी प्रथम मिळाला. पुढल्या वर्षी ह्यूम या पक्षितज्ज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नंतर डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे आणखी काही नमुने मिळविले. परंतु १८८४ नंतर तो कोणास खात्रीने दिसला नाही. मधून मधून तो दिसल्याची वार्ता येई; पण ज्याला रानपिंगळा म्हटले, तो साधा पिंगळाच निघे.

मग या दोघांना ओळखावे कसे? पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. त्याची छाती गडद तपकिरी व पोट पांढरे असते. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात, तर पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. शिवाय तो दिवसाउजेडी शिकार करतो.

पण पक्षी ओळखता आला, एवढ्याने भागत नाही. तो कोठे मिळाला, ही नोंदही खरी असावी लागते. संग्रहालयात पक्ष्याच्या कातडीत कापूस भरून ती जतन करतात आणि पायाला स्थळ व दिनांक लिहिलेली चिठ्ठी बांधतात. माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या संग्रहातील एका रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतील मांडवी हे स्थळ व १९१४ हे साल होते. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोधकांनी मांडवीच्या परिसरातही शोध घेतला. परंतु तो व्यर्थ गेला.

पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीस त्या नमुन्याचा संशय आला. क्ष-किरणांनी तपासल्यावर दिसून आले, की वरून नव्याने शिवलेल्या त्या पक्ष्यावर मूळ काम डेव्हिडसन यांच्या हातचे होते! लंडनच्या संग्रहालयातून चोरलेल्या पक्ष्याला खोटी चिठ्ठी लावली होती. १९९९ साली हे सारे पुराव्यांसह प्रसिद्ध झाले.

त्यापूर्वीच, १९९७ साली, त्या बाई दोन सहकाऱ्यांसह भारतात आल्या. मांडवीचा नाद सोडून त्यांनी केवळ विश्वसनीय स्थळे धुंडाळली. अखेर २५ नोव्हेंबर रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या रानात, एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. डोके पाहिले, छाती पाहिली, पाय पाहिले. एकेक खूण पटली. एकशे तेरा वर्षांनी हरवलेला पक्षी सापडला!

पुढे मेळघाटातही तो आढळला. २०१४ साली तर सातपुड्यापासून दूर, मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात त्याचे दर्शन घडले. नेहमीच्या प्रदेशाबाहेर पक्षी दिसला, की जाणकार आधी स्वतःलाच विचारतात, ‘हा नेहमीचाच पक्षी तर नव्हे?’ सर्व खुणा जुळल्या आणि छायाचित्रासारखा पुरावा मिळाला, तरच ते नवी नोंद मान्य करतात.

एवढी काटेकोरपणे चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. पण रानपिंगळा आजही संकटग्रस्त आहे. त्याचे रान तोडले गेले, तर तोही नाहीसा होईल. पत्ता खोटा असेल, तर आपण भलतेच रान राखीत बसू आणि खऱ्या रानात कुऱ्हाड चालत राहील.

म्हणून, मुलांनो, एखादा अनोळखी पक्षी दिसला, तर त्याच्या खुणा, स्थळ, दिनांक व वेळ तेथल्या तेथे वहीत लिहा. जे पाहिले नाही, ते लिहू नका. तुमच्या एका खऱ्या ओळीवर उद्या एखाद्या मुक्या जिवाचे घर राखले जाईल.